जरा कागद बघाल का?

फ्लॅट घेताना पुण्यातला माणूस काय काय बघत नाही! नळ पूर्ण सोडून पाण्याचा जोर बघतो. पार्किंगमध्ये स्वतःची गाडी आडवी-उभी लावून बघतो. स्वयंपाकघरात ऊन येतं का, हे बघायला एकदा सकाळी येतो आणि सकाळवर विश्वास नाही म्हणून पुन्हा दुपारी येतो. वरच्या मजल्यावर कोणी तबला शिकतं का, ही चौकशी वॉचमनला चहा पाजून करतो. एवढं सगळं झाल्यावर जिना उतरताना कोणीतरी विचारतं, "वकील कोण?" आणि जन्माची कमाई ज्याच्या शब्दावर ओतायची, तो माणूस पुढच्या तीन पायऱ्यांत ठरतो. "आमच्या मेव्हण्याचं काम ज्यांनी केलं ना, तेच!"

यात घेणाऱ्याचा फारसा दोष नाही. वकिलांनी जाहिरात करू नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे; पाटीसुद्धा माफक आकाराची हवी. त्यामुळे हा धंदा अजून जिने, केशकर्तनालयं आणि लग्नाच्या पंगती यांच्यावर चालतो. बाकी उमेदवार कमी नसतात. एजंट म्हणतो, "आपले वकील आहेत ना, तुम्हाला वेगळी फी पण नाही." ज्याची फी आपण देत नाही तो वकील आपला कसा, हा प्रश्न त्या वेळी सुचत नाही. बिल्डरच्या वकिलांनी टायटल सर्टिफिकेट ब्रोशरच्या पाठीमागे जोडूनच ठेवलेलं असतं. घरात नुकताच एलएलबी झालेला एक भाचा असतो, आणि त्याची आई असते. शिवाय "बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद स्वच्छ" ही श्रद्धा असतेच. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचे पैसे बुडणार नाहीत ना, एवढं बघतो. उद्या घर दुसऱ्याचं निघालं तरी हप्ता तुमच्याच पगारातून जाणार असतो, त्यामुळे बँकेची झोप शाबूत राहते.

मेव्हण्याच्या शिफारशीतून जे गृहस्थ हाती लागतात, त्यांना 'कागद बघणारे वकील' म्हणतात. कोर्टात युक्तिवाद करताना त्यांना कोणी पाहिलेलं नसतं. काळा कोट खुर्चीच्या पाठीला असतो, तो खुर्चीला थंडी वाजू नये म्हणून. मुंबईत हेच काम फोर्टातल्या सॉलिसिटर फर्म काचेच्या केबिनमध्ये बसून करतात. आमच्याकडे ते शनिवारात नाहीतर सदाशिवात, गिरणीच्या वरच्या मजल्यावर चालतं. सगळ्या फायलींवर ज्वारीच्या पिठाचा हलका थर असतो. कोणत्या फायलीला किती दिवसांत हात लागला नाही, हे त्यावरून वकिलांना बरोबर कळतं.

आपण फाईल पुढे ठेवतो आणि म्हणतो, "सगळं क्लिअर आहे, तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

"हं," वकील म्हणतात.

हा 'हं' होकार नव्हे. तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स टू, मिळकत पत्रिका, बांधकामाची परवानगी, भोगवटा पत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट या सगळ्यांवर एकदम घेतलेला तो संशय असतो. झेरॉक्सला ते हात लावत नाहीत. "मूळ कुठंय?" मूळ प्रत मिळाली की ती उजेडाकडे धरतात, मागची बाजू बघतात, शिक्के वाचतात. मजकूर सगळ्यात शेवटी.

जुन्या वाड्याचं प्रकरण असेल तर विकणारा हमखास सांगतो, "आमचे सगळे कागद पानशेतच्या पुरात गेले." बारा जुलै १९६१ ला मुठेने पुण्याचं काय केलं, हे वकिलांना कोणी सांगायला नको. पण ते शांतपणे विचारतात, "मग हे वाटणीपत्र कसं राहिलं? नदीला एवढी निवड करता येत नाही." नोंदलेल्या दस्ताची नकल सरकारी दप्तरातून निघते, हे त्यांना ठाऊक असतं. ती मोडीत आली तरी ते वाचतात. त्यांच्या हाताखालच्या मुलांना मोडी येत नाही, म्हणून ती सगळी त्यांना वचकून असतात.

पण या माणसाची खरी करामत बघायची तर तो विकणाऱ्याला प्रश्न विचारत असताना समोर बसावं. कागद उलटतात तसा आवाज मऊ होत जातो.

"फ्लॅट वडिलांनी घेतलेला?"

"हो, १९७९ साली. वडील गेले, आईही गेली. आता माझाच. सोसायटीत नॉमिनी मी होतो, सर्टिफिकेटवर नाव लागलंय."

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र?"

"तसं काही केलं नव्हतं. गरजच नव्हती, मी एकटाच."

"एकटेच? बहिणी किती?"

"बहिणी दोन आहेत. पण त्यांची लग्नं झालीत."

"छान झालं. सह्या?"

"अहो, कसल्या सह्या? वडिलांनी लग्नात भरपूर खर्च केला दोघींच्या."

"लग्नाचं जेवण म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे."

मग वकील सांगतात की बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने तो वडिलोपार्जितातही आला. समोरच्या गृहस्थांना ही बातमी आजच कळलेली असते. थोरली बहीण इंदूरला. धाकटी वारली, तिचा मुलगा न्यू जर्सीत, मुलगी सांगलीत. वकील कोऱ्या कागदावर वंशावळ काढू लागतात.

"आणि धाकटीचे यजमान?"

"ते आहेत. पण आमचं बोलणं नाही."

"सही करायला बोलावं लागत नाही."

इकडे घेणाऱ्याचा जीव टांगणीला. "वकीलसाहेब, आम्ही दसऱ्याला ताबा घ्यायचं ठरवलं होतं हो."

"दसरा दरवर्षी येतो," वकील म्हणतात आणि वंशावळीत न्यू जर्सीची फांदी जोडतात. तिथल्या मुलाचं कुलमुखत्यारपत्र नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत व्हायला हवं, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायला हवा. इंदूरच्या ताई सहीला तयार असतात. पण वहिनीने १९९८ च्या दिवाळीत काय उद्गार काढले, ते आधी ऐकून घ्यावं अशी त्यांची अट असते. वकील तेही ऐकून घेतात. याची फी मात्र बिलात दिसत नाही.

हल्ली लोक ॲपवरून टायटल रिपोर्ट मागवतात. रंगीत असतो, हिरव्या खुणा असतात. वकील तो चष्मा वर करून चाळतात. "छापलंय छान." मग हळूच, "या गल्लीवर रस्तारुंदीची रेघ आहे. तुमची बाल्कनी रेघेच्या पलीकडे जाते. आणि पार्किंग आहे ना, तिथे विहीर होती. खालच्या सायकलच्या दुकानवाल्याने जागा सोडली की नाही हो शेवटी? पोटभाडेकरू होता त्याचा एक." यातला निम्मा मजकूर कुठल्याच सर्व्हरवर नसतो. तो ज्वारीच्या पिठाखाली असतो. आपल्याच गावातला, आपल्याच पेठेतला वकील धरावा असं म्हणतात ते याचसाठी. कायदा सगळीकडे तोच आहे. कोणाचं कोणाशी पटत नाही, ते मात्र गल्लीगणिक बदलतं.

अर्थात हेच त्याचं वैगुण्यही. तो विकणाऱ्यालाही ओळखतो, विकणाऱ्याच्या मुंजीत जेवलेला असतो, आणि फी वाचावी म्हणून दोन्ही पक्षांनी मिळून त्यालाच गाठलं असेल तर कोणाच्या बाजूने 'हं' म्हणायचं, हा पेच त्यालाही पडतो. पहिल्याच भेटीत "साहेब, तुम्ही कोणाचे?" असं विचारून टाकावं. त्यांना राग येतो. पण जो रागावून उत्तर देतो तो चालेल. हसून "आपण सगळे घरचेच" म्हणणाऱ्याच्या माडीवरून नमस्कार करून खाली उतरावं. तसाच "काही प्रॉब्लेम नाही" हे वाक्य दहा मिनिटांत उच्चारणाराही नको. कागद बघणाऱ्याकडून आपण शंका विकत घेत असतो. ती फुकट वाटणारा एक वेळ परवडतो, पण शंकाच न येणारा परवडत नाही.

आणि तरी फीवर घासाघीस व्हायचीच. एजंटला टक्क्यांत मोजून देणारा, टाइल्सच्या रंगासाठी हजारो जादा भरणारा माणूस वकिलांना म्हणतो, "एवढे? नुसते कागद तर बघायचे!" पुणे शहरात मुद्रांक शुल्क सात टक्के. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, म्हणजे ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर ऐंशी हजारांची बचत. हे ऐकल्यावर नवऱ्यांच्या मनात पत्नीविषयी जो आदर दाटून येतो, तो वकिलांनी अनेकदा जवळून पाहिला आहे. नोंदणी शुल्क एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. हे सगळे आकडे गृहस्थ निमूट भरतो, कारण ते सरकार घेतं. वकिलांच्या आकड्यावर मात्र त्याला 'मेव्हण्याला किती लावले होते' ते आठवतं.

दस्ताचा मसुदा टायपिंगच्या बाईंकडे असतो. नमुना एकच, नावं बदलायची. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या खरेदीखतातही 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' असं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाक्य दिमाखात उभं असतं. घेणारा शिकलेला असतो. तो पेन्सिलने खूण करतो. "साहेब, हे काढून टाकू. तिसऱ्या मजल्यावर तृण कुठलं?"

"बाल्कनीत कुंड्या ठेवणार ना?"

"पण निधी-निक्षेप? पुरलेलं धन?"

वकील चष्मा काढतात. "काढतो. पण काढल्यावर सापडलं तर माझ्याकडे यायचं नाही."

वाक्य राहतं. चतुःसीमेत पूर्वेस जिना, दक्षिणेस फ्लॅट क्रमांक आठ, पश्चिमेस मोकळी हवा असा निसर्ग उभा राहतो.

नोंदणीच्या दिवशी वकील वेगळेच दिसतात. दुय्यम निबंधकाचं कार्यालय, हवेली क्रमांक अमुक. टोकन घेऊन बसलेली कुटुंबं, इंदूरच्या ताई, सांगलीची भाची, न बोलणारे भाऊजी भिंतीकडे तोंड करून. सर्व्हर डाऊन. अशा वेळी बाकीचे कपाळाला हात लावतात. वकील मात्र शिपायाला नावाने हाक मारून मुलीच्या बारावीचं विचारतात. सर्व्हर त्यामुळे चालू होत नाही, पण चालू झाल्या झाल्या आपल्याला कळतं. ताईंचा अंगठा यंत्र घेत नाही. भांडी घासून रेषा गेलेल्या. वकील रुमाल काढून स्वतः त्यांचा अंगठा पुसतात, पुन्हा टेकवतात, पुन्हा पुसतात. पाचव्या वेळी दिवा लागतो. "झाला बरं का ताई हक्क सोडून," ते म्हणतात. ताईंच्या डोळ्यांत पाणी येतं, ते कशाने, हे मशीनला कळायचं कारण नाही. भाऊजी कॅमेऱ्याकडे बघून सही करतात, एक शब्दही न बोलता. वकिलांचं भाकीत खरं ठरतं.

या माणसाच्या स्वतःच्या घराची गोष्ट त्यांच्या सूनबाईंकडून कळते. त्याही वकील, त्याच माडीवर बसतात, ई-सर्च त्याच काढतात. मोफा या फ्लॅटमालकीच्या कायद्याच्या नियमांनुसार सोसायटी नोंदली गेल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायला हवी. वकील राहतात ती इमारत चाळीस वर्षांची झाली, जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली, बिल्डर आला नाही तरी चालतं. पण दर वार्षिक सभेत अध्यक्ष "वकीलसाहेब आपलेच आहेत, ते बघतील" असं म्हणून पुढचा विषय घेतात. वकील बघत नाहीत. सोसायटी फी देत नाही आणि फुकटचं काम नीट होत नाही, हा सल्ला ते पक्षकारांना देतात तसाच स्वतःही पाळतात.

वास्तुशांतीला त्यांना बोलवावं लागतं. ते येतात, जेवतात, जिलबी दुसऱ्यांदा घेतात. घराचं कौतुक कोणी विचारलं तर दाराची चौकट बघून "भोगवटा पत्रात हे दार इथेच आहे ना?" एवढंच म्हणतात. लाइट बिलावर आणि मिळकत करावर नाव चढवून घ्या, मूळ दस्त लॅमिनेट करू नका, हे हात धुता धुता सांगून होतं. मग आतल्या खोलीवरून भांडणारी दोन मुलं त्यांच्या नजरेला पडतात.

"थोरली मुलगी का?"

"हो, सातवीत आहे. आणि हा धाकटा."

"वा! मृत्युपत्र केलंत का?"

पूजेला बसलेल्या आजी दचकून वर बघतात. यजमान ओशाळून हसतात. "अहो काका, आजच्या दिवशी..."

"नाही, काही घाई नाही," वकील म्हणतात आणि सुपारी तोंडात टाकून दोन्ही मुलांकडे एकदा नीट बघून घेतात. "दोघांच्याही सह्या लागतील."