गडग्याअलीकडून

अहो वहिनी, कोपऱ्यावरच्या सरांच्या सुनेनं सांगितलेली ती मालिका मुळीच लावू नका. परवा मलाही म्हणाली, "पहिले चार भाग सोसा काकू, पाचव्यापासून पकड घेते." म्हणजे आधीचे चार तास मी काय पाप फेडायचं? भज्यांची बशी पुढे करताना कोणी म्हणतं का, पहिली चार कच्ची आहेत, पाचवं कुरकुरीत लागेल? तुला तरी आवडली का, असं खोदून विचारलं तर म्हणते, "सगळे बघतायत ना." घ्या!

मी आपली माणूस धरते. एखादा आवडला की त्याचं नवं-जुनं सगळं शोधून काढायचं. सध्या आमच्याकडे दिलीप प्रभावळकर चालू आहेत.

'दशावतार' बघितलात की नाही? नाही? कमाल झाली! अहो, आपल्या मुलखातला सिनेमा. सप्टेंबर २०२५मध्ये आला, तेव्हा प्रभावळकरांना ८१ वर्षं पूर्ण झाली होती. या वयात माणसाला सिनेमात आजोबा करून आरामखुर्चीत बसवतात, दोन वाक्यं देतात आणि तिसऱ्यात खोकला. इथे अख्खा सिनेमा त्यांच्या खांद्यावर. बाबुली मेस्त्री नावाचा दशावतारी, जन्म रंग लावण्यात गेला, आता नजर अधू झालीये. मुलगा म्हणतो पुरे करा, आणि याचं पाऊल काही मागे फिरत नाही. पुढचं सांगत नाही. उत्तरार्धात आरडाओरडा जरा जास्त झालाय असं माझं मत. आमच्या ह्यांना नेमका तोच भाग आवडला, त्यामुळे त्यावर घरात दोन दिवस वाद.

हा, आणि तो झाला की लगेच 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लावा. त्यांच्याच 'अनुदिनी'वरून केदार शिंदेंनी केलेली, अल्फा मराठीवर लागायची. तेव्हा तुमचा मुलगा बालवाडीत असेल. काय आहे त्यात? काही नाही! साधं घर, शेखर ऑफिसला जातो, श्यामल वैतागते, शिऱ्या काहीतरी उपद्व्याप करून ठेवतो आणि शेवटी आबा डायरी लिहायला बसतात. कोणी कोणाला विष घालत नाही, जिन्यावरून ढकलत नाही, घरात झोपताना भरजरी साड्या नाहीत. तेव्हा प्रभावळकर साठीच्याही अलीकडे होते, तरी आबांचं चालणं, चष्मा सावरणं असं की माझ्या सासूबाई टीव्हीला "हे आपल्याच आळीतले" म्हणायच्या.

गाणं? गाण्याचं सांगते, पण तुम्हाला त्या 'द डिसायपल'चं कोणी सांगितलं असेल तर सावध. सिनेमा उत्तम, नेटफ्लिक्सवर आहे, चैतन्य ताम्हाणेंचा. २०२०मध्ये व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालं त्याला. शास्त्रीय गाण्यात आयुष्य घालणारा एक मुलगा, रात्री मोटारसायकलवरून कानात माई नावाच्या एका जुन्या गायिकेची व्याख्यानं ऐकत फिरतो. त्या माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा. पण ज्याला मनापासून हवंय आणि तरी साधत नाही, त्याची गोष्ट आहे ती. रात्री बघितलात तर झोप येणार नाही. तुमची धाकटी क्लासला जाते ना गाण्याच्या? तिला तर इतक्यात दाखवूच नका.

तिला 'मी वसंतराव' दाखवा. २०२२चा. नातवानंच आजोबांचं काम केलंय, राहुल देशपांडेंनी, आणि त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते, ठाऊक आहे? दिवसा आकडेमोड. 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब वाट्याला आले ते १९६७ साली, म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी, अभिषेकीबुवांच्या चालींवर. सिनेमा थोडा लांबलाय, पण लाहोरचा भाग चुकवू नका. तिथे असद अली खाँसाहेबांनी त्यांना शिकवला तो एकच राग, मारवा. मग सिनेमा बाजूला ठेवा आणि खुद्द वसंतरावांचा मारवा ऐका. दिवेलागणीला लावा, त्याची वेळच ती. आणि मोबाइलवर नको हो, त्या पत्र्याच्या आवाजात वसंतराव? तुमच्या दादांचा मोठा स्पीकर कपाटावर धूळ खातोय, तो काढा. थोडा मोठ्यानं लावलात तर मलाही ऐकू येईल.

बरं, तो बाबुली मेस्त्री आवडला तर आणखी एक काम आहे. त्रिपुरी झाली की जत्रा सुरू होतील. देवळापुढचा दशावतार बघून किती वर्षं झाली आपल्याला? आधी गणपती, मग संकासूर पोरांना घाबरवून-हसवून जातो आणि मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे रचायचे. लुगड्यातला राणीसाहेब सकाळी बागेत पाणी लावताना दिसतो. पेटी-मृदंगावर पदं चालतात ती थेट उजाडेपर्यंत, मग दहीकाला. तिकीट नाही, काही नाही. वाटेत थांबवायचं बटणही नाही.

यंदा जाऊ या. शाल आणि बसायला सतरंजी तुम्ही घ्या, चहाचा थर्मास माझ्याकडे. आणि सरांच्या सुनेलाही बोलवा, चार भाग सोसायची तिला सवय आहे.