पंचाहत्तर टक्के जमीन

आमचा नगर जिल्हा (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच) क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. १७,००० चौरस किलोमीटरच्या वर. एवढ्या ऐसपैस मुलखातल्या माणसाला मोबाईलच्या वीतभर पडद्यावरची पाऊण जागा नावावर करता येऊ नये, याला काय म्हणावं?

जागा बळकावण्याच्या या खेळांचा मूळपुरुष ‘क्विक्स’. ‘टायटो’ कंपनीने तो १९८१ साली आणला. काठावरून निघायचं, मोकळ्या रानात रेघ ओढायची आणि परत काठाला येऊन मिळायचं. मधली जागा आपली. पण रानात काड्यांचं एक वळवळतं भूत हिंडत असतं. अर्धवट रेघेला ते शिवलं की कारभार आटोपला. काठावर ठिणग्या पाठीशी लागलेल्या, आणि रेघ ओढताना मध्येच थबकलात तर मागून वात पेटत येते. ७५ टक्के जागा घेतली की फेरी जिंकली.

बांधावरून भाऊबंदकी पाहत मोठं झालेल्यांना हे शिकवावं लागत नाही. बांध कोरणारा एका दमात एकर मागत नाही. दर नांगरटीला एक तास इकडे सरकतो. क्विक्स बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं. सावकाश ओढलेल्या रेघेला त्यांनी दुप्पट गुण ठेवले, कारण सावकाश म्हणजे जास्त वेळ भुताच्या तोंडी. हावेला भाव होता, आणि तो आधीच सांगितलेला होता.

पुढच्या नकलांत हा भावच बसला. माझ्या फोनवरच्या एका खेळात फेरीगणिक अट वाढत ९० टक्क्यांवर जाते, चेंडू सुसाट सुटतात, आपला ठिपका मात्र पहिल्याच चालीने रांगतो. ८९ टक्के झाले की चेंडू नेमका उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत शिरून असा थडाथड आपटतो, की रेघ टाकायला फटच राहत नाही. भित्राही मरतो, धाडसीही मरतो. मग जाहिरात पाहा आणि एक जीव घ्या! माळीवाडा स्टँडवर पाथर्डीची गाडी लागून, भरून, निघून जाते. आमचा एक टक्का तिथेच.

आता अन्याय नगरला नवा नाही. चांदबिबीने १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन किल्ला राखला, पण मोगल पुन्हा आले आणि १६०० मध्ये किल्लाही गेला. पण इतिहास कुणी बसून, तोलून-मापून रचलेला नसतो. खेळ रचलेला असतो. तिथेही तराजू दांडीमारच निघाला तर माणसाने जायचं कुठे?

क्विक्समध्ये पुढे दोन भुतं येतात. त्यांच्या मधोमध रेघ मारून त्यांना वेगळं केलं की फेरी तिथल्या तिथे जिंकता येते. आमच्याकडे जिल्हा विभाजनाची मागणी कित्येक वर्षं पडून आहे, आणि मुख्यालय संगमनेरला, श्रीरामपूरला की शिर्डीला, यावरच रेघ अडते. तिथे भुतं दोनच असती तर बरं झालं असतं.

हरायला आपली ना नाही. हरल्यावर शिवी आपल्याच हावेला घालता आली पाहिजे, एवढंच. ती खेळ बनवणाऱ्याला घालावी लागली, की समजावं मोजणीच चुकली आहे.