विषय : अर्जदाराचे तोंड

चहा होईस्तोवर एक प्रकरण ऐकून घ्या.

मला पार्किन्सन आहे, याबद्दल तक्रार नाही. डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालीच या आजाराची रीतसर नोंद करून ठेवली आहे. तक्रार आहे ती दात घासण्याबाबत.

लोक म्हणतात, "काका, तुमचं बरं हाय जी, हात आपोआप हलते, ब्रश नुसता धरायचा." हा निव्वळ अपप्रचार आहे. माझा कंप विश्रांतीचा आहे. वडशाच्या फलाटावर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत हात मांडीवर ठेवला, की तो जोमात. ब्रश हातात दिला, की थंड. हा हात नोकरीत असता तर वेळेवर पदोन्नती मिळाली असती.

लाळेचं प्रकरण अधिक गंभीर. ती जास्त सुटत नाही; गिळणं मंदावल्यामुळे ओठांच्या कोपऱ्यातून निसटते. उलट काही गोळ्यांनी जीभ कोरडी पडते, आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. म्हणजे उशीला पुरवठा आणि दाढेला टंचाई.

बोलणं पुटपुटल्यासारखं आणि ओठ ओले, अशा माणसाबद्दल वडशात एकच निष्कर्ष निघतो. किराणा दुकानात मला ऐकवण्यात आलं, "काका, आधी खर्रा थुका, मंग बोला." उभ्या आयुष्यात मी तंबाखू-सुपारीच्या त्या खर्ऱ्याची पन्नी उघडलेली नाही! चाल अडखळली तर आरोप वरच्या दर्जाचा. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी, मग काकांना मिळाली कुठं? २०२१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याची बंदी उठल्यापासून वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीच्या फेऱ्या परस्पर माझ्या नावावर चढवल्या जातात.

दातांच्या डॉक्टरांनी वेळ दिली ती संध्याकाळी सातची, माझ्या गोळीचा असर उतरण्याची. खुर्ची पार आडवी केली, पाणी थेट घशात, मला ठसका. त्यावर ते म्हणाले, "हलू नका." हे वाक्य पार्किन्सनच्या रुग्णाला उद्देशून उच्चारलं गेलं, याची नोंद घ्यावी.

दिलासा मिळाला तो सायकलच्या दुकानात. हँडलची रबरी मूठ ब्रशच्या दांड्यावर चढवली, पकड सुधारली.

तरी समस्त दंतवैद्यांना विनंती, की आमच्यासारख्यांना सकाळच्या गोळीनंतर तासा-दीड तासात बोलवावं, खुर्ची अर्धीच टेकवावी, आणि उठवताना घाई करू नये. उभं राहताच आमचा रक्तदाब घसरतो.