सात पॉइंट नऊ

खिशाला पीएच पेन लावून हिंडणाऱ्या माणसाची चाल बदलते. प्रस्तुत लेखकाची बदलली. गच्चीवर मोजक्या कुंड्या, त्यांतही निम्म्यांत तुळस. पण चेहरा असा, की राहुरीच्या कृषी विद्यापीठानं सल्ला मागायला माणूस धाडलाय. बोअरच्या पाण्यात पेन बुडवलं, आकडा आला ७.९. "अल्कधर्मी!" ही आरोळी खालच्या मजल्यापर्यंत गेली. कोणी विचारलं नव्हतं.

मग पेनाला स्वयंपाकघर दाखवणं आलंच. ताक साडेचारच्या आसपास. लिंबाचा रस अडीचच्या मागेपुढे. खायच्या सोड्याचं पाणी आठाच्या वर. सोलकढीत मात्र पेन बुडवायचं नाही, असा हुकूम घरातून सुटला. खरं तर या पेनाचं खाण्यापिण्याशी नातं जुनंच. पीएचची मोजपट्टी १९०९ साली सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं आखली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. म्हणजे बिअरवाल्यांच्या! तुळशीला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

इतकं करून मातीला त्या आकड्याचं सोयरसुतक नसतं. पावसाचं पाणी अगदी स्वच्छ हवेतही साधारण ५.६, म्हणजे आम्लधर्मीच. पण इतके पावसाळे अंगावर घेऊनही मराठवाड्यातली चुनखडीची काळी जमीन आठाच्या आसपास बसलेली. चिकणमाती, सेंद्रिय भाग आणि चुना मिळून ती आपला सामू, म्हणजे पीएचच, धरून ठेवते, खाष्ट सासू किल्ल्या धरून ठेवते तशी. कोकणात मुसळधार पावसानं चुना धुऊन नेला, जांभ्याची माती आम्लधर्मी झाली. पण त्याला युगं लागली. लेखक हे काम झारीभर लिंबूपाण्यात उरकणार होता.

नाशिककडचे द्राक्षवाले फवारणीच्या पाण्याचा सामू तपासतात, ते बरोबरच आहे. काही औषधं अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटित होतात, आणि टाकीत सांभाळून घ्यायला माती नसते.

पेनाला दिसत नाहीत ते पाण्यातले बायकार्बोनेट. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो, तो त्यांचाच. कुंडीत माती मूठभर, त्यातून कोकोपीट. तिथं असं जड पाणी महिनोन्‌महिने घातलं, की सामू हळूहळू चढतो. मग जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही. उसावर असंच झालं की शेतकरी हिराकस फवारतात. आणि आपण काटकसरीच्या अभिमानानं आरओचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालतो. त्याचा पीएच बरा दिसतो, क्षार मात्र नळाच्या पाण्याहून जास्त.

हे पेन सांगलीकडच्या मामांना दाखवायची हौस होतीच. त्यांच्या नदीकाठच्या रानाचा एक तुकडा चोपण झालाय. वर्षानुवर्षं उसाला पाट सोडून दिलेला, निचरा नाही. पाणी मुरत नाही, वर पांढरं फुलतं. वडिलांच्या हातची जमीन. तिथं पेन काढायला लेखकाचा हात जरा अडखळला, पण काढलं.

मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"पाण्याचा पीएच कसला बघतोस? किती पाजलं, ते इचार की. केवढ्याला आणलंस हे?"

लेखकानं किंमत सांगितली.

"एवढ्यात जिप्समची दोन पोती आली असती."