थोरल्याचा गणपती

गिरगावात भाडेकरू वारला की चाळीतल्या खोलीवरून भावाभावांत जे पेटतं, ते धोबीतलावच्या स्मॉल कॉझेस कोर्टात वर्षानुवर्षं धुमसत राहतं. त्याच खोलीतल्या देव्हाऱ्यासाठी मात्र कोणी वकील लावल्याचं ऐकिवात नाही. तिथे एकदम औदार्य उफाळून येतं: “दादा, देव तुझ्याकडेच शोभतात.” कारण ज्याच्याकडे गणपती, त्याच्याकडे पन्नास पानं, दोनशे मोदक आणि बायकोची मोडलेली कंबर. तरीही दादा गणपती बंद करत नाही. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे आईबाप मुलांना श्रद्धा देतच नाहीत. देतात ती ‘माझ्या हातून बंद पडायला नको’ ही धास्ती. श्रद्धेचं काय, ती कॉलेजात गेल्यावर पातळ होते. धास्ती चाळिशीनंतर घट्ट होत जाते.

पुरावा लालबागेत आहे. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला, तेव्हा तिथल्या कोळणींनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस बोलला. जागा मिळाली, १९३४ मध्ये गणपती बसला. व्यवहार म्हणून बघाल तर हिशोब तिथेच मिटला. पण फेडणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं अजून फेडतच आहेत, आणि नवसातून जन्मलेला लालबागचा राजा आता दुसऱ्यांच्या नवसांना पावतो. मूर्ती घडवणारं कांबळी घराणंही १९३५ पासून तेच. मध्ये १९८२ चा गिरणी संप झाला, भोंगे थांबले, गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले. बापाने चिकटवून द्यायची गिरणीतली नोकरी मुलाला मिळाली नाही. वर्गणीचं पावतीपुस्तक तेवढं मिळालं.

कोणी म्हणेल, ही नुसती सवय. पण सवय माणसाच्या सोयीची असते. विरारला राहायला गेलेला गृहस्थ चाळीतल्या आरतीसाठी ऑफिस सुटल्यावर उलटा गिरगावात येतो आणि रात्री शेवटची लोकल पकडतो, यात सोय कोणाची? केशवजी नाईक चाळीतला उत्सव १८९३ पासून चालू आहे, तो काय सोयीवर? बरं, बाप टीकाकार असला म्हणून मुलं सुटतात असंही नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी भटशाहीवर आणि देवळांच्या धर्मावर कोरडे ओढण्यात कसर ठेवली नाही. पण १९२६ मध्ये दादरला सार्वजनिक नवरात्रही त्यांनीच सुरू केलं. म्हणजे पुढच्यांच्या मागे मंडप लागलाच. घरोघरच्या नास्तिकांचं तेच. देव नाही हे ते मखराला खिळे ठोकता ठोकता पटवून देतात, आणि खिळे सरळ बसतात.

नव्या टॉवरांत हे टिकणार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी रिडेव्हलपमेंटच्या सभेला एकदा जाऊन बसावं. कार्पेट एरिया, कॉर्पस, पार्किंग यांवरून घसे बसले की मागच्या रांगेतून एक काका उठतात: “ते सगळं ठीक, पण मंडप कुठे घालायचा?” बिल्डर म्हणतो, “सहाव्या मजल्यावर, पोडियमवर.” “आणि विसर्जनाला मूर्ती काय लिफ्टने उतरवायची?” सह्या पुढच्या सभेवर जातात.