दुपट्याचे यंत्रशास्त्र

तान्ह्या बाळासाठी घरी शिवल्या जाणाऱ्या वस्त्रांत दुपटे सर्वांत साधे समजले जाते, कारण त्याला बाही नाही, गळा नाही, काज नाही आणि ज्या गिऱ्हाइकासाठी ते शिवायचे ते मापाबद्दल तक्रार करण्याच्या अवस्थेत नसते. त्यामुळे ज्या घरांत शिवणयंत्राचा संबंध उशांचे अभ्रे आणि उसवलेले परकर यांपलीकडे कधी गेला नाही, तेथेही सातवा महिना लागला की यंत्रावरचे आच्छादन निघते, चाकाचा सैल पडलेला पट्टा आवळला जातो आणि तेलाची कुपी शोधण्यास सर्वांना कामाला लावले जाते. जन्मापूर्वी बाळासाठी काही शिवू नये असा दंडक ज्या घरांत पाळला जातो, तेथे हीच वस्तू 'टेबलावर घालायला' या सबबीखाली शिवता येते, आणि टेबल इतके मऊ का हवे हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुपटे म्हणजे मऊ सुती कापडाचे दोन पदर एकावर एक ठेवून शिवलेला, साधारण ३६ इंची चौकोन. चार पदर घेतले की चौघडी होते, आणि जुन्या कापडांचे थर रचून ते धावदोऱ्याने, म्हणजे सुई वर-खाली नेत घातलेल्या साध्या टाक्यांनी, जखडले की गोधडी होते, जिला कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणतात. कापड जुनेच का, याचे उत्तर परंपरेने दिले आहे तसे धोब्यानेही दिले आहे: वर्षानुवर्षे धुतलेल्या लुगड्याची खळ गेलेली असते, ते आटायचे तेवढे आटून झालेले असते, आणि तान्ह्या त्वचेला टोचेल असे त्यात काही उरलेले नसते. नऊवारी लुगडे म्हणजे ३२४ इंच लांबीचे कापड. त्यातून ३६ इंचांचे नऊ चौकोन निघतात, चार दुपटी होतात आणि एक चौकोन उरतो.

हे गणित बहुधा कागदावरच राहते, कारण महाराष्ट्रातील कुटुंबांत माया पदरांत मोजली जाते. आजीचे लुगडे घेतले म्हणून दुसऱ्या आजीचे पातळ घ्यावे लागते, आत्या स्वतःची ओढणी पुढे करते, मावशी बाजारातून फायबरचा फुगीर थर आणते, आणि पणजीची आठवण म्हणून मध्ये एक खण जातो. हा खण काठाकडे कडक असतो, परंतु ते बोलून दाखवण्याची कोणाची प्राज्ञा नसते. अशा रीतीने दुपट्याची गोधडी होते आणि ती यंत्रापुढे नेली जाते, जेथे नातेसंबंधांची भीडभाड चालत नाही.

घरगुती यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, सुई वर येऊ लागताच त्याचा लहानसा फास पडतो, आणि तो फास शटल पकडून बॉबिनच्या, म्हणजे खालच्या रिळाच्या, दोऱ्याभोवती फिरवते. ही अडकण कापडाच्या जाडीच्या मधोमध बसली तर शिवण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. सुईशेजारचा, कापड दाबून धरणारा 'पाय' पाव इंचाच्या आसपासच उचलला जात असल्याने पाच नातेवाईक त्याखाली सरकवणे हाच मुळात बलप्रयोग ठरतो. त्यातून ते सरकले तरी बारीक सुई वाकते, फास नीट पडत नाही आणि टाके गाळत शिवण पुढे जाते. म्हणून जाणकार १६ किंवा १८ नंबरची सुई लावतात आणि टाका लांब ठेवतात, तर अजाणकार यंत्राला दोष देतात.

हे यंत्र निर्दोष आहे, असे प्रशस्तिपत्र मात्र फार वरून मिळालेले आहे. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला आणि सिंगरने पत्नीचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी ते घडवल्याचे सांगितले. १८५१ मध्ये पेटंट घेणारा आयझॅक सिंगर प्रत्यक्षात वेगवेगळ्या स्त्रियांपासून झालेल्या वीसहून अधिक मुलांचा पिता होता. त्यामुळे प्रेमाचा मुद्दा वादग्रस्त ठरला, तरी दुपट्यांची निकड त्याला समजत असावी, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

खरा कसोटीचा प्रसंग कापड पुढे सरकू लागल्यावर येतो. खालचे दाते फक्त तळच्या पदराला ओढतात आणि वरचा पदर पायाच्या दाबाखाली रेंगाळतो, त्यामुळे शिवण काठापर्यंत पोहोचेस्तोवर वरचे कापड बोटभर जास्त उरते आणि त्याला कात्री लावायची की चुणी घालायची, यावर घरात दोन पक्ष पडतात. यावर उपाय म्हणून आधी हाताने कच्चा दोरा घालतात, पायाचा दाब कमी करतात आणि पहिली शिवण मधोमध घालून कडेकडे सरकतात. मधोमध सुरुवात करायची म्हणजे निम्मे दुपटे गुंडाळून सुई आणि यंत्राचा खांब यांमधल्या सहा-सात इंचांच्या बोगद्यात कोंबावे लागते, आणि उरलेले निम्मे डावीकडे लोंबून सुईला ओढते, ते उचलून धरण्यासाठी होणाऱ्या बापाची नेमणूक केली जाते. या संपूर्ण उद्योगात त्याच्याकडे सोपवलेले हे एकमेव काम असते आणि तेही त्याला दोनदा समजावून सांगावे लागते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कवंदी नावाची गोधडी हाताने शिवताना नेमक्या उलट, काठापासून फेर घेत मध्याकडे जातात. हाताला प्रत्येक टाक्यागणिक कापड चाचपता येते, म्हणून तो ही चैन करू शकतो.

बॉबिन संपणे हा प्रकार मात्र स्वतंत्र नोंदीस पात्र आहे. तळाचा दोरा संपल्याचे यंत्र सांगत नाही. चाक फिरते, सुई खट्‌खट्‌ पडते, वरून दोरा सरळ रेषेत बसलेला दिसतो, शिवणारी व्यक्ती गुणगुणू लागते, आणि काठाशी पोहोचून कापड बाहेर ओढताच तो सगळा दोरा अखंड, एकही टाका न धरता, हातात येतो. या क्षणी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया हाताने शिवायच्या काळाबद्दल बोलू लागतात.

तरीही नातेवाइकांचे पदर आणि यंत्र यांच्यातील तंट्यात यंत्राचीच बाजू बाळाच्या हिताची असते. एप्रिलमध्ये जन्मलेल्या मुलाला पाच पदरांची ऊब ही शिक्षाच होते. शिवाय झोपलेल्या तान्ह्याच्या अंगावर जाड, सुटी पांघरुणे नकोत, असे बालरोगतज्ज्ञही सांगतात. दिवसातून कितीदा तरी ओली होणारी वस्तू लवकर वाळावी लागते आणि कोकणातल्या श्रावणात फायबर भरलेली गोधडी वाळण्याची वाट पाहण्यापेक्षा बाळ मोठे होण्याची वाट पाहणे अधिक व्यवहार्य असते. परिणामी ती भव्य गोधडी बारशाला पाळण्यात घातली जाते, तिचे फोटो निघतात, प्रत्येक देणगीदार आपापला पदर शोधून इतरांना दाखवतो, आणि ती घडी होऊन कपाटात जाते. बाळाखाली येते ते लुगड्याच्या उरलेल्या नवव्या चौकोनाला आजोबांच्या धोतराचे अस्तर लावून घाईत शिवलेले दोन पदरी दुपटे, ज्याची एक बाजू तिरकी गेलेली असते आणि ज्याला शिवताना टाचणीसुद्धा लागलेली नसते.