पावणेदहा सूत

सावद्यात कुणालाही विचारा, "यंदा केळी किती?" उत्तर एकरात येणार नाही, हेक्टरात तर नाहीच नाही. "पाच हजार खोड," असं येईल. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, तोंडात एकर-गुंठे, बागेत खोड, ठिबकच्या नळीला एमएम, बोअरला फूट, साडीला वार आणि सुताराच्या कानावरच्या पेन्सिलीला सूत. एवढी मापं एकत्र नांदवत गाव सुखात आहे. त्रास होतो तो एकट्या नानांना.

नाना म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. रावेर-यावल पट्ट्यात गावोगाव एखादा तरी नाना असतोच. कुठे तो पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला असतो, कुठे गणिताचा मास्तर, कुठे मोजणीवाल्यांच्या हाताखाली साखळी ओढून सुटलेला. खातं वेगळं असलं तरी खिशातली टेप तीच. सावद्याचा नग जरा जास्त कडक निघाला, एवढंच.

या पिढीचा दोष नाही. 1 एप्रिल 1957 ला नवा पैसा आला तेव्हा हे लोक पाटी-पेन्सिलीच्या वयात होते. सकाळी पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, औटकी घोकायची आणि दुपारी गुरुजी सांगणार की आता सगळं दहाच्या पटीत. मापांचा कायदा 1956 चा; पुढच्या पाच-सहा वर्षांत शेराचा किलो झाला आणि गजाचा मीटर. बाकीच्या पोरांनी नवं घेतलं नि जुनं सोडलं, किंवा जुनं धरलं नि नवं पाठ करून परीक्षेत ओकलं. नानांनी दोन्ही ठेवलं आणि मध्ये दलालाचं दुकान थाटलं. आजही त्यांच्यासमोर कुठलंही माप उच्चारा, ते दुसऱ्या मापात करून परत मिळतं. दलाली म्हणून चहा.

"अठ्ठेचाळीस फुटावर पाणी लागलं," कुणी आनंदानं सांगत येतो.

"चौदा मीटर त्रेसष्ट," नाना म्हणतात. पाणी गोडं आहे की खारं, हे ते विचारत नाहीत.

त्यांची गाडी एका आकड्यावर चालते : 25.4. एक इंच म्हणजे बरोबर 25.4 मिलिमीटर. 'बरोबर' हा शब्द नाना दोनदा उच्चारतात. पूर्वी इंग्रजांचा वार आणि अमेरिकेचा वार यांत केसाएवढा फरक होता. 1959 मध्ये सहा इंग्रजीभाषक देशांनी बसून वार म्हणजे 0.9144 मीटर असं ठरवून टाकलं आणि इंचाची कटकट संपली. या ठरावाची बातमी सावद्याच्या गुरांच्या बाजारात कुणी इतक्या वेळा सांगितली असेल असं वाटत नाही. बैलाची उंची हातानं नि वितीनं बघणारे शेतकरी ती आदरानं ऐकतात आणि मग पुन्हा बैलाचे दात बघतात.

नानांची खरी कर्मभूमी म्हणजे लग्नाचा मोसम. एका स्थळाच्या बायोडाटात मुलाची उंची पाच फूट सात इंच लिहिली होती. मुलाच्या कुठल्याशा भरतीच्या कागदावर तीच उंची 168 सेंटिमीटर होती. दोन्ही कागद एकाच पिशवीत आले, आणि ती पिशवी दुर्दैवानं नानांच्या हाती पडली. चहा ओठाशी नेईपर्यंत हिशेब झालेला होता. पाच फूट सात म्हणजे 170.18. कमी पडले 2.18 सेंटिमीटर. ते झाले शून्य पूर्णांक शहाऐंशी इंच. आठ सुतांचा एक इंच. म्हणजे साधारण सात सूत. नानांनी पाहुण्यांच्या देखत, मुलीच्या बापाला, अत्यंत शांतपणे सांगितलं, "मुलगा चांगला आहे. फक्त सात सूत खोटा आहे."

लग्न झालं. मुलगी स्वतः पाच फूट एक, तिला वरची सात सुतं दिसण्याचं कारण नव्हतं. पण त्या जावयाला गावात अजून 'सातसुती' म्हणतात.

सूत हा नानांचा कच्चा दुवा आहे, किंवा पक्का म्हणा. इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. सरकारनं काय वाटेल ते कायदे केले तरी लोखंडाच्या दुकानात सळई अजून सुतावरच मिळते. गिऱ्हाईक 'तीन सूत' म्हणतं, बिलावर 10 एमएम लिहिलं जातं. 'चार सूत' म्हटलं की 12 एमएम. नाना तिथं थांबतात. "तीन सुताचे साडेनऊ होतात, तू दहा देतो. बरं, फायदा आमचा. पण चार सुताचे बारा पूर्णांक सात होतात रे भो, तू बारा देतो. हे सात दशांश कुठी गेले?" दुकानदार मान खाली घालून वजन करतो, कारण सळई शेवटी किलोवर विकायची असते. प्लायवुडचं तर विचारूच नका. एकच शीट, लांबी-रुंदी आठ बाय चार फूट आणि जाडी अठरा एमएम. नाना त्या शीटसमोर उभे राहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख असतं.

टीव्ही घेतला त्या दिवशीही तेच. दुकानात मुलगा म्हणाला बत्तीस इंची. खोक्यावर छापलेलं 80 सेंटिमीटर. बत्तिसाचे होतात 81.28. नानांनी पडद्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावली आणि अर्धा इंच कमी भरल्याचं जाहीर केलं. अर्ध्या इंचाची किंमत वजा करून मागितली. मिळाली नाही, पण रिमोटचे सेल फुकट मिळाले, ते नाना आजही विजयचिन्ह म्हणून दाखवतात.

त्यांच्यामुळे नुकसान फारसं कुणाचं होत नाही, असं मी लिहिणार होतो. पण भाऊवाटणीची गोष्ट आठवली. शेजारच्या दोघा भावांनी जमीन अगदी प्रेमानं वाटून घेतली होती. थोरल्यानं त्याच्या वाट्याचा एकर गुंठ्यात मोजून घेतला : चाळीस गुंठे. धाकट्यानं सातबाऱ्याप्रमाणे घेतला : चाळीस आर. गावात गुंठा म्हणजे आर नि आर म्हणजे गुंठा, हे सगळेच धरून चालतात आणि त्यावाचून काही अडत नाही. बांधावर नाना उगवले. गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे एकशे एक चौरस मीटरच्या वर. आर म्हणजे मोजून शंभर. चाळिसाला फरक पडला सत्तेचाळीस चौरस मीटर, जवळपास पाचशे चौरस फूट. गुंठ्याच्या हिशेबात सात आण्यांपेक्षा जास्त. "दोन खोल्यांचं घर बसतं तेवढ्यात," नाना हळहळून म्हणाले. त्या दोन खोल्यांपायी दोघे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. नानांचं म्हणणं, भांडण त्यांनी लावलं नाही, ते आधीच तिथं होतं, त्यांनी फक्त मोजलं.

केळीच्या लागवडीतही हाच फरक दडलेला आहे, आणि तिथं मात्र नानांचं ऐकावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. माहितीपत्रकात अंतर दीड मीटर बाय दीड मीटर असतं. गडी दोरीला गाठी मारतो त्या पाच फुटांवर. सगळे म्हणतात एकच. एकच नाही. पाच फूट म्हणजे 1.524 मीटर. पाच फुटांनी एकरात 1742 खोडं बसतात, दीड मीटरनं 1798. म्हणजे दोरीच्या एका गाठीत इंचभर इकडचं तिकडे झालं की एकरामागं छप्पन्न घड. रोपांची ऑर्डर पत्रकावरून द्यायची आणि गाठी फुटावर मारायच्या, मग बांधावर उरलेली रोपं बघून रोपवाटिकेनं जास्त दिली म्हणून खूश व्हायचं, हे मी मृगबागेच्या दिवसांत पाहिलेलं आहे.

पण हिशेब बरोबर असून माणूस कसा फसतो याचंही उदाहरण नानाच. बागेतली पाइपलाइन फुटली. मुलानं फोनवर सांगितलं, "अडीच इंची पाइप आणा." दुसरा कुणी गेला असता तर दुकानात जाऊन 'अडीच इंची' म्हणाला असता आणि काम झालं असतं. नानांनी वाटेत गुणाकार केला. अडीच गुणिले 25.4 बरोबर साडेत्रेसष्ट. दुकानात जाऊन त्यांनी रुबाबात 63 एमएमची नळी मागितली, दुकानदारानं दिली. बागेत ती बसेना. मुलगा डोक्याला हात लावून म्हणाला, "नाना, त्रेसष्ट म्हंजे दोन इंची. अडीच म्हंजे पंचाहत्तर. कायले हिशेब केला तुम्ही?"

नाना तणतणत दुकानात परतले. पंचाहत्तर म्हणजे तीन इंचाला एक मिलिमीटर कमी. तिला अडीच कोण म्हणतो? दुकानदारानं समजावलं, की इंचाचं नाव जुन्या लोखंडी नळ्यांच्या आतल्या पोकळीवरून पडलंय आणि एमएम मोजतात ते पीव्हीसीच्या बाहेरून. लोखंडाच्या अर्ध्या इंची नळीलाही बाहेरून 21.3 भरतात, तिच्यात अर्धा इंच शोधून सापडायचा नाही. नानांनी शेवटचं अस्त्र काढलं. 23 सप्टेंबर 1999 ला अमेरिकेचं यान मंगळापाशी जाऊन नाहीसं झालं, का? एका चमूनं जोराचं गणित पौंडात केलं आणि दुसऱ्यानं न्यूटनमध्ये वाचलं. मापं सांभाळा, नाहीतर असं होतं.

"नाना," दुकानदार म्हणाला, "ते मंगळावर चाल्लं होतं. तुमाले बागात जायचंय. पंचाहत्तर घ्या."

घरात मात्र नानांची टेप चालत नाही. नानी वितीनं मोजतात, मुठीनं मोजतात, आणि भरताला वांगं किती मोठं हवं ते नुसतं उचलून सांगतात. एकदा नाना म्हणाले, तुझी नऊवार म्हणजे आठ मीटर तेवीस सेंटिमीटर. नानींनी पदर खोचला आणि विचारलं, "मंग? नेसाची कशी ते सांगा." तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. रेल्वेचा निघतो. सावद्याच्या स्टेशनातून केळी दिल्लीकडे गेली ती पाच फूट सहा इंचांच्या रुळांवरून, आणि खंडव्याहून अकोल्याला जाणारी जुनी लाइन एक मीटरची. रुळांत मीटर आला कुठून? नाना सांगतात, 1870 च्या आसपास सरकार हिंदुस्थानात मेट्रिक मापं आणणार होतं, म्हणून आधी सव्वातीन फुटांचे धरलेले रूळ थोडे रुंदावून मीटरचे केले. मापं आलीच नाहीत, रूळ राहिले. "साहेबसुद्धा मधीच लटकला होता," असं म्हणताना त्यांना मोठा आधार वाटत असावा.

मग निर्यात आली. आपल्या भागातली केळी इराण-आखाताकडे जायला लागली, पॅकहाउस उभी राहिली, आणि नाना एक दिवस बघायला म्हणून गेले ते दुपारपर्यंत परतले नाहीत. तिथं एक पोरगा हिरव्या फण्यांना लोखंडी चिमटा लावून आकडे म्हणत होता. "एकोणचाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. अडतीस, बाजूला."

"एमएम का?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. कॅलिपर."

"कॅलिपर हे माप आहे का रे भो? मीटर का फूट?"

पोराला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक की एकोणचाळीस ते सेहेचाळीस खोक्यात, बाकीचं बाजूला. नानांनी स्वतःची टेप केळीला लावली, कागदावर आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. एकोणचाळीस मिलिमीटर ती केळी नव्हतीच, जेमतेम एकतीस भरत होती. शेवटी पॅकहाउसच्या मॅनेजरनं उलगडा केला, की जगात केळीचा हा धंदा आधी ज्यांनी वाढवला ते अमेरिकन, त्यामुळे जाडी इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजायची चाल पडली. युरोपवाले वेगळे, त्यांच्या नियमात जाडी निदान 27 मिलिमीटर आणि लांबी निदान 14 सेंटिमीटर, तीही केळीच्या बाहेरच्या बाकावरून मोजायची. पण चिमट्यावर बत्तिसावा भागच.

नाना क्षणभर गप्प राहिले आणि मग एवढ्या मोठ्यानं ओरडले की खोकी भरणाऱ्या बाया थांबल्या. इंचाचे आठ सूत. सुताचे चार भाग केले की बत्तिसावा. म्हणजे हे पाव सूत! एकोणचाळीस म्हणजे पावणेदहा सूत! सेहेचाळीस म्हणजे साडेअकरा! साऱ्या आयुष्यात पहिल्यांदाच आकडा एका मापातून दुसऱ्यात गेला आणि बाकी काहीच उरली नाही. पावकी, दिडकी, औटकी, सगळी शाळा एकदम कामाला आली होती. इराणला जाणारी केळी सावद्याच्या सुताराच्या मापात!

त्या दिवसापासून पॅकहाउसमध्ये नानांची खुर्ची ठरलेली आहे. चिमटेवाला पोरगा एकोणचाळीस म्हणतो, नाना मागून पावणेदहा म्हणतात. फणीची लांबी सेंटिमीटरात, जाडी सुतात, खोकं किलोत, कंटेनर चाळीस फुटी आणि पैसे डॉलरात, अशी ती केळी बंदराकडे निघते. मॅनेजरची हरकत नाही, कारण नानांनी एकदा अडतिसातली फणी खोक्यात जाताना पकडली होती. साडेनऊ सूत, पाव सुतानं कमी.

बाजूला काढलेल्यांतली एक फणी परवा नानांनी पिशवीतून घरी आणली आणि शोध पूर्ण तपशिलासह नानींना ऐकवला. केळी हिरवीगार, वेफर्स करण्यापलीकडे उपयोग नाही. नानी विळी घेऊन बसल्या, तेल तापत ठेवलं आणि म्हणाल्या, "सांगा आता, काप किती सुताचे पाडू?"

नानांनी टेप काढली.